परळचा जुना राजवाडा : देऊळ, राजगृह, इस्पितळ व प्रयोगशाळा

जुन्या वास्तूंचा शोध घेणारास एक प्रश्न वारंवार पडतो. एकाच काळीं, एकाच राजवटींत व एकाच प्रकारच्या दगडचुन्यानें बांधलेल्या दोन इमारतींपैकीं एक आज नांदती दिसते, आणि दुसरीच्या भिंतींतून पिंपळ उगवलेला दिसतो, हें कां? याचें उत्तर लढाया, आगी व काळाचा महिमा असें सामान्यतः देण्यांत येतें. आमच्या मतें हें उत्तर अपुरें आहे. लढाईनें जितक्या इमारती पडल्या त्याहून कितीतरी अधिक इमारती निरुपयोगानें पडल्या. ज्या वास्तूस एकामागून एक नवें काम मिळत गेलें ती राहिली. जिला तें मिळालें नाहीं तिचे वासे व कौलें लोकांनीं नेलीं, आणि उरलेलें काम पावसानें केलें.

आमचें वास्तव्य साष्टीच्या उत्तर टोकास, मिरा-भाईंदर येथें असल्यामुळें या विधानाचीं दोन्ही प्रकारचीं उदाहरणें आम्हांस जवळच आहेत. आमच्याच हद्दींतील घोडबंदरच्या किल्ल्यांत पोर्तुगीजांनीं बांधलेलें ख्रिस्ती देऊळ पुढें राहण्याच्या बंगल्याप्रमाणें उपयोगांत आलें, व म्हणून तें टिकलें. उलट खाडीपलीकडील वसईच्या कोटांत, इ. स. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं तो कोट घेतल्यावर, पाद्र्यांच्या मठांना व देवळांना कायमचा धनी उरला नाहीं. त्यांचे उंच मनोरे व छपरावांचून उभ्या असलेल्या भिंती आज जो तो पाहतो. परंतु हीं दोन्ही उदाहरणें पुरतीं बोलकीं नाहींत. एकाच वास्तूची तीन शतकांची जीवनकथा सलग सांगतां यावी, तिच्या प्रत्येक स्थित्यंतरास समकालीन साक्षीदार असावा, आणि ती वास्तु आजही उभी असावी, असें उदाहरण पाहिजे असल्यास साष्टीच्या दक्षिणेस लागून असलेल्या मुंबई बेटांत उतरावें लागतें. तें उदाहरण म्हणजे परळ येथील जुना सरकारी राजवाडा होय. हा प्रथम जेझुइट पाद्र्यांचें देऊळ होता. नंतर इंग्रज गव्हर्नरांचें निवासस्थान झाला. नंतर प्लेगच्या रोग्यांचें इस्पितळ झाला. आणि आज हाफकिन संस्था या नांवानें प्रसिद्ध आहे. या चार रूपांचा क्रम व त्यांचीं कारणें यांचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

१. स्थान व नांव

मुंबई हें मूळचें सात बेटांचें गांव. त्यांपैकीं परळ हा भाग मध्यभागाच्या उत्तरेस, शिवडीच्या पश्चिमेस येतो. नांवाच्या व्युत्पत्तीसंबंधीं दोन मतें सांगण्यांत येतात. एक असें कीं, येथें परळी वैजनाथ या नांवाचें महादेवाचें स्थान होतें, त्यावरून परळ. दुसरें असें कीं, पाडळ नांवाच्या वृक्षावरून हें नांव पडलें. संस्कृतांतील पाटला ती मराठींतील पाडळ होय. पाटलिपुत्र या प्राचीन नगरीच्या नांवांतही हाच वृक्ष आहे असें परंपरा मानते. वृक्षांवरून पडलेलीं ग्रामनामें कोंकणपट्टींत विपुल असल्यामुळें आमचा कल दुसऱ्या मताकडे आहे. तथापि परळ हें अत्यंत प्राचीन शैवस्थान होतें याबद्दल मात्र शंका नको. इ. स. १९३१ मध्यें परळ-शिवडी दरम्यान रस्त्याचें काम चालू असतां शिवाची एक भव्य, अनेक आकृतींची एकसंध शिळा सांपडली. ती सहाव्या शतकाच्या सुमाराची मानण्यांत येते, व तेथील बारादेवीच्या देवळांत ठेविलेली आहे. यावरून वैजनाथाची दंतकथा अगदींच निराधार नसावी असें वाटतें. परंतु राजवाडा नेमका त्याच देवळाच्या जागीं उभा आहे, असें जें कोणी म्हणतात, तें या शिळेवरून सिद्ध होत नाहीं. शिळा रस्त्यांत सांपडली, वाड्यांत नव्हे; हा भेद शोधकानें विसरतां कामा नये.

२. जेझुइटांचें देऊळ व त्याची जप्ती

मुंबई बेट इ. स. १६६१ च्या विवाह-तहान्वयें पोर्तुगालच्या राजानें इंग्लंडच्या राजास दिलें, व इ. स. १६६८ मध्यें तें ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन झालें. राज्य बदललें तरी बेटांतील बहुतेक भूमि ज्यांच्याकडे होती त्यांच्याकडेच राहिली. वांद्रें येथें मठ असलेल्या जेझुइट संघाचें मुंबई बेटांतही पुष्कळ जमीनजुमल्यावर स्वामित्व होतें. इ. स. १६७३ च्या सुमारास मुंबईस आलेला फ्रायर नांवाचा कंपनीचा वैद्य परळ येथें पाद्र्यांचें देऊळ व त्याच्याकडे लागलेली जमीन असल्याचें नमूद करितो. आमच्या वास्तूची ही जुनी साक्ष होय.

इंग्रज व जेझुइट यांचें कधींच जमलें नाहीं. जमिनीवरील हक्काचे तंटे चालूच होते. तशांत इ. स. १६८९ मध्यें जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानानें मुंबईवर स्वारी करून इ. स. १६९० पर्यंत बेटाचा मोठा भाग व्यापिला. त्यास पाद्र्यांनीं साह्य केलें असा इंग्रजांचा आरोप होता, व त्या आरोपावरून जेझुइटांच्या जमिनी जप्त करण्यांत आल्या. पुढें गव्हर्नर बून याच्या कारकीर्दींत पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांविषयींचा अविश्वास कळसास पोंचला, आणि इ. स. १७२० मध्यें त्यांस बेटाबाहेर घालवून त्यांच्या जागीं कार्मेलाइट पंथाचे पाद्री आणण्यांत आले. परळचें देऊळ याच सुमारास कंपनीच्या हातीं आलें. येथें हें लक्षांत ठेविलें पाहिजे कीं, जमिनीची जप्ती व देवळाची जप्ती या दोन निराळ्या गोष्टी असून त्यांच्यांत सुमारें तीस वर्षांचें अंतर आहे. कित्येक लेखकांनीं त्या एकच समजल्यामुळें सनावळींत घोटाळा माजला आहे.

३. दोन साक्षींचा विरोध

ही वास्तु सरकारकडे कशी व केव्हां आली याविषयीं एक दुसरी कथाही प्रचलित आहे. कलकत्त्याचा बिशप हीबर हा इ. स. १८२५ मध्यें मुंबईस आला असतां परळ येथें गव्हर्नराचा पाहुणा होता. तो आपल्या प्रवासवृत्तांत लिहितो कीं, हें घर पूर्वीं जेझुइटांचें होतें, पुढें तें एका पारशी गृहस्थाच्या हातीं गेलें, व त्याच्यापासून सरकारनें सुमारें साठ वर्षांपूर्वीं विकत घेतलें. म्हणजे हीबरच्या हिशेबानें सरकारी स्वामित्व इ. स. १७६५ च्या सुमाराचें ठरतें.

हा कोणी ऐरागैरा साक्षीदार नव्हे. तो विद्वान्, सत्यप्रिय व खुद्द त्या घरांत राहिलेला होता. तरीही त्याची साक्ष या बाबतींत ग्राह्य धरितां येत नाहीं. कारण तिच्या विरुद्ध दोन जुन्या साक्षी आहेत. ग्रोस हा कंपनीचा नोकर इ. स. १७५० मध्यें मुंबईस आला. तो स्पष्ट सांगतो कीं, परळचें गव्हर्नराचें रम्य उपवनगृह मूळचें जेझुइटांचें प्रार्थनास्थान असून, इंग्रजांच्या हिताविरुद्ध केलेल्या कारवायांमुळें तें इ. स. १७१९ च्या सुमारास जप्त झालें, व नवें बांधकाम आणि बागबगीचा करून तें राहण्यास सोईचें करण्यांत आलें आहे. दुसरा साक्षीदार डेन्मार्कच्या राजानें पाठविलेल्या मोहिमेंतील प्रवासी नीबूर हा होय. तो इ. स. १७६३-६४ मध्यें मुंबईस होता. त्यानेंही जेझुइटांच्या देवळाचें भोजन व नृत्य यांच्या दालनांत रूपांतर झालेलें पाहिलें. जी वास्तु इ. स. १७५० च्या सुमारास व इ. स. १७६३-६४ मध्यें गव्हर्नराच्या उपभोगांत होती, ती इ. स. १७६५ मध्यें प्रथमच विकत घेतली जाणें संभवत नाहीं.

मग पारशी गृहस्थाची कथा निर्मूळ म्हणावयाची काय ? तसें म्हणण्याचेंही कारण नाहीं. बागेचा विस्तार करितांना शेजारची एखादी जागा पारशी मालकाकडून विकत घेतली गेली असावी, व साठ वर्षांनंतर ती हकीकत संबंध वाड्यास चिकटली असावी, असें आमचें अनुमान आहे. हें अनुमानच आहे, प्रमाण नव्हे. प्रमाण एवढेंच कीं, साक्षीदार कितीही थोर असला तरी जी गोष्ट त्यानें पाहिली आणि जी त्यानें ऐकिली त्या दोहोंचें वजन सारखें नसतें. हीबरनें पाहिलेली गोष्ट मात्र बहुमोल आहे : खालचें भोजनगृह जुन्या देवळाच्याच अंगांत बसविलेलें आहे, असें तो सांगतो, व धर्मगुरूस साजेल अशी खंतही व्यक्त करितो. म्हणजे शंभर वर्षें लोटलीं तरी देवळाच्या भिंती पाडलेल्या नव्हत्या. केवळ त्यांच्यामध्यें मेजवान्या होऊं लागल्या होत्या.

४. राजगृह

आरंभीं परळ हें गव्हर्नराचें केवळ हवा पालटण्याचें ठिकाण होतें. सरकारी राहणें कोटांत, अपोलो रस्त्यावरील वाड्यांत असे. विल्यम हॉर्नबी हा इ. स. १७७१ मध्यें गव्हर्नर झाला. परळ येथें नियमितपणें वास्तव्य करणारा हा पहिला गव्हर्नर मानण्यांत येतो. याच हॉर्नबीच्या अमदानींत इ. स. १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाणें घेतलें व साष्टी मराठ्यांच्या हातून गेली. सुरतेचा तह, पुरंदरचा तह व वडगांवचा करार यांच्याशीं ज्याचें नांव निगडित आहे, तो हाच. तेव्हां पेशवाईच्या उत्तरार्धांतील इंग्रजी कारस्थानांचा विचार करितांना मुंबईकर इंग्रज म्हणजे केवळ कोटांतील कचेरी असें समजूं नये. परळचें हें दालनही डोळ्यांपुढें ठेविलें पाहिजे.

इ. स. १८१९ ते १८२७ पर्यंत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा गव्हर्नर होता. पुण्याच्या रेसिडेन्सींत राहून ज्यानें पेशवाईचा अंत घडविला, त्यानेंच परळच्या वाड्यास उजवीकडचें व डावीकडचें अशीं दोन अंगें वाढविलीं. त्यानंतर आलेल्या सर जॉन माल्कम यानें इ. स. १८२९ च्या सुमारास कोटांतील वाडा सरकारी कचेऱ्यांकडे सोंपवून परळ हेंच मुख्य सरकारी निवासस्थान केलें. अशा रीतीनें शंभर वर्षांत उपवनगृहाचें राजगृह झालें. दरबार, मेजवान्या, संस्थानिकांच्या भेटी हें सर्व पुढें येथेंच होऊं लागलें. इ. स. १८७५ मध्यें इंग्लंडचा युवराज हिंदुस्थानांत आला तेव्हां त्याचा मुक्काम परळच्याच वाड्यांत होता.

५. राजगृहाचा त्याग

या वैभवाचा शेवट शत्रूच्या तोफेनें केला नाहीं, पटकीनें केला. हें कसें झालें तें समजण्यास परळच्या भोंवतालचा पालट ध्यानीं आणिला पाहिजे. इ. स. १८५४ मध्यें कावसजी दावर यानें मुंबईंत पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला. पुढील तीस वर्षांत गिरण्यांची रांग भायखळ्याकडून परळकडे सरकत आली. दोन बेटांमधील सखल पाणथळ जागा शहरांतील केरकचऱ्यानें भरण्यांत येत असत. घाटावरून व कोंकणांतून आलेले मजूर दाटीदाटीच्या चाळींत राहूं लागले. जेथें पूर्वीं आमराया व ताडमाड होते तेथें धुराडीं आलीं. एवढें झाल्यावरही गव्हर्नराचें राहणें परळासच होतें. परंतु इ. स. १८८२ मध्यें गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन याची पत्नी परळच्या वाड्यांत पटकीनें मृत्यु पावली. ज्याच्या नांवानें पुण्याचें फर्ग्युसन महाविद्यालय ओळखलें जातें, तोच हा फर्ग्युसन. या घटनेनंतर गव्हर्नरांचें मन परळांतून उठलें, आणि इ. स. १८८५ च्या सुमारास, लॉर्ड रे याच्या वेळेपासून, मलबार टेंकडीच्या टोंकावरील बंगला हेंच कायमचें राजभवन झालें.

येथून बारा वर्षें हा वाडा बहुतेक रिकामाच होता. वसईच्या मठांची जी गति झाली तीच याची व्हावी अशी वेळ आली होती. रिकाम्या वाड्यास कोणी विकत घेतलें असतें, पाडून तेथें गिरणी उभारली असती, तर कोणास नवल वाटलें नसतें. तसें झालें नाहीं, याचें कारण दुसरी एक व्याधि होय.

६. इस्पितळ

इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांतील रोग्यांस ग्रंथिक संनिपात, म्हणजे प्लेग, झाल्याचें डॉ. अकासियो व्हिएगश या गोमंतकीय वैद्यानें ओळखिलें. पुढील कांहीं महिन्यांत लाखों लोक मुंबई सोडून गेले. रेल्वेनें, गलबतांनीं, पायीं, ज्यास जसें साधेल तसे ते साष्टी, वसई, कोंकण व घाट यांकडे निघाले. इ. स. १८९७ च्या फेब्रुवारींत साथीच्या रोगांचा कायदा झाला. मार्चांत जनरल गेटेकर याच्या अध्यक्षतेखालीं प्लेग समिति नेमण्यांत आली. घरोघर झडती, रोग्यास इस्पितळांत नेणें, घरच्या मंडळीस वेगळ्या छावणींत ठेवणें व घर धुवून काढणें, असा त्या समितीचा क्रम होता. त्यासाठीं जागा पाहिजे होती : मोठी, मोकळी, भोंवतीं आवार असलेली, आणि चाळींपासून फार दूर नसलेली. परळचा रिकामा राजवाडा या सर्व अटींस उतरला. इ. स. १८९७ मध्यें त्याचें प्लेगच्या इस्पितळांत रूपांतर करण्यांत आलें. त्या काळीं काढलेल्या छायाचित्रांच्या संग्रहांतही गव्हर्नमेंट हाउस इस्पितळ या नांवानें तें आढळतें.

या घटनेंतील विपर्यास लक्षांत घेण्यासारखा आहे. व्याधीच्या भयानें ज्या वाड्यांतून राज्यकर्ता निघून गेला, त्याच वाड्यांत पंधरा वर्षांनीं व्याधिग्रस्त गरिबांस आणून ठेविलें. लोकांच्या तोंडीं असलेला इस्पितळ हा शब्द बहुधा पोर्तुगीज भाषेंतून मराठींत आलेला आहे. तेव्हां पोर्तुगीज काळच्या त्या देवळास दोन शतकांनीं त्या काळचाच एक शब्द येऊन चिकटला, असेंही म्हणतां येईल.

त्या शब्दाचें भय त्या काळीं किती होतें हें सरकारी अहवालांवरून पुरतें कळत नाहीं. इ. स. १८९६ च्या २९ ऑक्टोबरास गिरणीकामगारांच्या मोठ्या जमावानें आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. इ. स. १८९८ च्या ९ मार्चास झडतीच्या निमित्तानें मदनपुऱ्यांत दंगल उसळली. पुण्यास इ. स. १८९७ च्या जूनांत रँडसाहेबावर गोळी झाडण्यांत आली, ती हकीकत सर्वश्रुत आहे. लोक अडाणी होते म्हणून भ्याले, असें म्हणून चालणार नाहीं. इस्पितळांत गेलेल्यांपैकीं बहुतेक परत येत नसत, कारण त्या रोगावर तेव्हां औषधच नव्हतें. परक्याच्या हातचें अन्नपाणी, स्त्रियांची परपुरुषाकडून तपासणी व मरणानंतर यथाविधि संस्कार न होण्याची शक्यता, या गोष्टी त्या काळच्या मनास मृत्यूहूनही कठीण वाटत. म्हणूनच निरनिराळ्या जातिजमातींनीं आपआपलीं स्वतंत्र इस्पितळें काढलीं, आणि तीं काढण्यास सरकारनेंही परवानगी दिली. परळच्या वाड्याचें इस्पितळ दोन-अडीच वर्षेंच चाललें; परंतु त्या अल्प काळानें वाड्याच्या पुढील आयुष्याची दिशा ठरविली.

७. प्रयोगशाळा

प्लेगचा जंतु इ. स. १८९४ मध्यें हाँगकाँग येथें येरसां यानें शोधून काढिला होता. त्यावर लस तयार करण्यासाठीं वाल्देमार हाफकिन हा इ. स. १८९६ च्या ऑक्टोबरांत मुंबईस आला. हा मूळचा रशियांतील ओडेसा येथील यहुदी. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत यानें काम केलें होतें, व इ. स. १८९३ पासून हिंदुस्थानांत पटकीची लस टोंचीत होता. भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयांतील एका लहानशा जागेंत त्यानें प्लेगची लस सिद्ध केली, आणि इ. स. १८९७ च्या १० जानेवारीस ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. मागणी वाढूं लागली तशी जागा अपुरी पडूं लागली. मलबार टेंकडीवरील बंगला, नंतर आगाखानांनीं दिलेली खुश्रू लॉज, अशा जागा बदलून अखेर इ. स. १८९९ च्या १० ऑगस्टास त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजवाड्यांत आली. लॉर्ड सँडहर्स्ट या गव्हर्नरानें तिचें उद्घाटन केलें.

देवळाचें बांधकाम या कामास कसें उपयोगी पडलें हें पाहण्याजोगें आहे. हाफकिनच्या पद्धतींत मोठमोठ्या कांचेच्या कुप्यांत मांसरस भरून त्यावर थोडें तूप तरंगत सोडीत. तुपाच्या थेंबांस धरून जंतूंची वाढ गुहेंतील लोंबत्या चुन्याप्रमाणें खालीं उतरत जाई. कुपी हलली कीं ते लोंब तुटून तळाशीं बसत, व वरून पुन्हां नवी वाढ होई. अशीं कित्येक आठवडे वाढविलेलीं पिकें मग उष्णतेनें निर्जीव करून त्यांची लस होत असे. हिंदूंस गाईचें व मुसलमानांस डुकराचें वावडें असल्यामुळें रसासाठीं बकऱ्याचें मांस वापरीत. या पद्धतीस स्थिर हवा, सावली व शेंकडों कुप्या रांगेनें ठेवण्याजोगीं विस्तीर्ण दालनें लागत. जाड भिंतींचें जुनें देवळाचें अंग व एल्फिन्स्टनचीं दालनें याहून सोईची जागा त्या काळच्या मुंबईंत क्वचितच मिळाली असती, असें आम्हांस वाटतें. पाद्र्यांनीं उपासकांसाठीं जी शांतता बांधिली ती जंतूंच्या वाढीस उपयोगी पडली.

या वास्तूच्या इतिहासांत एक दुःखद प्रकरणही आहे. इ. स. १९०२ च्या ३० ऑक्टोबरास पंजाबांतील मुलकोवाल या गांवीं परळहून गेलेल्या लशीच्या एका बाटलींतून टोंचलेले १९ लोक धनुर्वातानें मरण पावले. दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यांत आला, व हाफकिनला कामावरून दूर करण्यांत आलें. पुढें असें दिसून आलें कीं, बाटली उघडतांना चिमटा जमिनीवर पडला होता, व तो नीट शुद्ध न करितां वापरण्यांत आला. रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं इ. स. १९०७ मध्यें लंडनच्या टाइम्स पत्रांत त्याची बाजू मांडली, व त्याच वर्षीं तो निर्दोष ठरला. परंतु पांच वर्षें गेलीं तीं गेलीं. परळास तो परत आला नाहीं, कलकत्त्यास गेला.

प्लेग उंदराकडून माणसाकडे कसा येतो, हा प्रश्नही बव्हंशीं याच आवारांत सुटला. सिमों या फ्रेंच वैद्यानें इ. स. १८९८ मध्यें उंदरावरील पिसवांकडे बोट दाखविलें होतें. परंतु तें पुष्कळांस मान्य नव्हतें. इ. स. १९०५ मध्यें नेमलेल्या मंडळानें परळच्या आवारांत मुद्दाम लहान गोदामें बांधून प्रयोग केले. जमिनीवर सोडलेलीं गिनीपिग नांवाचीं जनावरें मेलीं. पिसवांची उडी पोंचणार नाहीं इतक्या उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यांतील वांचलीं. हवा तीच, घर तेंच, भेद केवळ दोन फुटांचा. या प्रयोगांनीं वाद मिटला. रोगी माणसाची झडती व ताटातूट यांवर आधीं जो भर दिला होता तो बव्हंशीं चुकीच्या जागीं होता, हेंही त्यामुळें उघड झालें. ज्यांनीं झडतीस विरोध केला त्यांस पिसवांचें ज्ञान नव्हतें. पण ज्यांनीं झडती घेतली त्यांसही तें नव्हतें.

प्रयोगशाळेचें नांव इ. स. १९०६ मध्यें मुंबई जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा असें झालें, आणि इ. स. १९२५ मध्यें तिला हाफकिनचें नांव देण्यांत आलें. इ. स. १९३२ मध्यें साहिबसिंग सोखी हे तिचे पहिले हिंदी संचालक झाले. लशींप्रमाणेंच सर्पविषावरील औषधासाठींही ती प्रसिद्धीस आली. इ. स. १९७५ मध्यें औषधनिर्मितीचें काम वेगळ्या महामंडळाकडे गेलें. संशोधन, शिक्षण व परीक्षण यांचें काम संस्थेकडे राहिलें. परळ हा भाग आज रुग्णालयांचें माहेरघर झाला आहे : राजे एडवर्ड स्मारक, टाटा स्मारक, वाडिया यांचीं रुग्णालयें जवळजवळ आहेत.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही कीं, परळची वास्तु तिच्या मजबुतीमुळें टिकली नाहीं. वसईचीं देवळें तितक्याच मजबुतीचीं होतीं. ती टिकली, कारण प्रत्येक वेळीं जुना धनी गेल्यावर नवा धनी तिला मिळाला, व प्रत्येकानें आधीच्याचें बांधकाम पाडण्याऐवजीं वापरलें. यास जीर्णोद्धार म्हणतां येणार नाहीं. जीर्णोद्धारांत देवता तीच राहते. येथें देवताच तीनदां बदलली. परंतु वास्तूच्या दृष्टीनें परिणाम तोच झाला. घोडबंदर किंवा आपल्या गांवची दुसरी कोणतीही जुनी वास्तु राखावयाची तर केवळ कुंपण घालून भागणार नाहीं, तिला काम दिलें पाहिजे, हा धडा यांत आहे.

दुसरी गोष्ट संग्राहक वाचकांच्या कर्तव्याची आहे. या वाड्याच्या चार रूपांपैकीं तिहींचे कागद भरपूर आहेत. पाद्र्यांच्या संघाचे कागद आहेत, कंपनीचे आहेत, गव्हर्नरांचीं चरित्रें व पत्रें आहेत, शास्त्रज्ञांचे अहवाल आहेत. इस्पितळाच्या काळाचे कागद म्हणजे मात्र बहुतांशीं आंकडे : इतके आले, इतके गेले. जे तेथें खाटेवर पडले त्यांची बाजू सरकारी दफ्तरांत मिळावयाची नाहीं. ती मिळाली तर आपल्या घरच्या बाडांतच मिळेल. मुंबईहून पळून आलेल्या नातलगाचें पत्र, वाण्याच्या चोपडींत इ. स. १८९७-९८ सालीं अचानक बंद पडलेलें एखादें खातें, लस टोंचल्याचा छापील दाखला, रेल्वे ठाण्यावरील तपासणीची चिठ्ठी, कुलवृत्तांताच्या कडेस प्लेगनें वारला एवढेंच लिहिलेली ओळ, हे सर्व ऐतिहासिक कागद होत. साष्टी, वसई व उत्तर कोंकण येथील घरांत हे कागद अधिक सांपडण्याचा संभव आहे, कारण पळून आलेले लोक याच बाजूस आले. पेशवेकालीन मोडी रुमाल उलगडतांना असे अलीकडचे कागद रद्दी म्हणून बाजूस टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. ती सोडावी. परळचा उल्लेख अशा कागदांत गव्हर्नराचा बंगला, लाटसाहेबाचा वाडा किंवा नुसतें परळचें इस्पितळ अशा नांवांनीं येऊं शकेल. शोधणारानें तिन्ही नांवें ध्यानांत ठेवावीं. असा एखादाही कागद ज्यांच्या संग्रहीं असेल त्यांनीं त्याची नक्कल, कागदाचें मूळ स्थान व मालकाची परंपरा यांसह, मंडळाकडे पाठवावी, अशी विनंती आहे.